पिकअपचे टायर घ्यायच्या आधी मागच्या एक्सलचं वजन करा

टायरच्या दुकानात जायच्या आधी वजनकाट्यावर जा. गाडी नेहमी भरता तशी भरा, दोर आवळा, ताडपत्री टाका, नेहमी बरोबर येतो तो माणूस शेजारी बसवा आणि मग काट्यावर चढवा. हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने जुनी पिकअप घेतली आणि पहिला फोन केला तो असा : “मामा, चारी टायर गेलेत. कुठल्या कंपनीचे टाकू?” म्हटलं, कंपनीचं नंतर बघू, आधी तुझ्या मागच्या चाकांवर वजन किती पडतं ते सांग. त्याला सांगता येईना. पहिली सात वर्षं मलाही सांगता आलं नसतं.

मी जुन्नर तालुक्यातला. २०१० पासून पिकअप चालवतो. उन्हाळ्यात नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो, एरवी कांदा, कोबी, फ्लॉवर, जे मिळेल ते. संध्याकाळी गाडी भरायची, आळेफाटा, ओतूर करत माळशेज घाट उतरायचा, मुरबाड-कल्याणवरून पहाटेच्या आत वाशीच्या भाजी मार्केटला लागायचं. या रस्त्यावर मी जे टायर वापरले, फाडले आणि बदलले, त्यावरून शिकलेलं हे आहे. तुमचा रस्ता वेगळा असेल, माल वेगळा असेल, पण हिशोब हाच लागेल.

मे २०१७ मधली रात्र. गाडीत साठ क्रेट टोमॅटो. मागचे दोन्ही टायर नवे, महिन्याभरापूर्वी टाकलेले. घाट नीट उतरलो, टोकावडे मागे पडलं, सरळ रस्ता लागला म्हणून गाडी सत्तरपर्यंत नेली आणि सरळगावच्या अलीकडे उजव्या बाजूचा मागचा टायर बार उडाल्यासारखा फुटला. गाडी उजवीकडे ओढली गेली. समोरून कुणी येत नव्हतं एवढंच नशीब. स्टेअरिंग घट्ट धरलं, ब्रेकला पाय लावला नाही, गाडी आपोआप हळू होऊ दिली आणि कडेला घेतली. मागचे दहा-बारा क्रेट रस्त्यावर सांडले. आम्हा दोघांना खरचटलंही नाही. पण हौद्याखालचं ते फाटलेलं रबर बॅटरीच्या उजेडात बघत होतो, तेव्हा डोक्यात एकच होतं : नवा टायर असा कसा फुटला?

नवा होता, पण माझ्या गाडीचा नव्हता. दुकानात मी माप सांगितलं होतं २१५/७५ आर १५. दुकानदाराने दोन जातीचे टायर पुढे ठेवले. माप दोन्हीचं तेच. एक टायरमागे हजार-बाराशे रुपयांनी स्वस्त. मी स्वस्त उचलला. तो जीपच्या जातीचा टायर होता. बोलेरो जीपला हेच माप येतं आणि तिथे तो टायर उत्तम चालतो, कारण त्या गाडीत माणसं बसतात, मागे तेराशे किलो माल नसतो. माप जुळलं म्हणजे टायर जुळला असं नसतं. हे एक वाक्य मला कुणी त्या दुकानात सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

काट्यावर काय करायचं

काटेवाल्याला सांगा, तीन वजनं हवीत. एक पूर्ण गाडीचं. मग गाडी थोडी पुढे घेऊन पुढची चाकं काट्याबाहेर काढायची, फक्त मागची चाकं काट्यावर : हे दुसरं. तिसरं फक्त पुढच्या चाकांचं. काट्याची फळी आणि बाहेरची जमीन एका पातळीत पाहिजे, नाहीतर आकडा चुकतो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या जवळपास यायला हवं. दहा-वीस किलोचा फरक सोडून द्या. पन्नास-साठचा आला तर परत करा. दोन-तीन पावत्यांचे पैसे जातील, जाऊ द्या.

माझ्या गाडीचे आकडे देतो. रिकामी गाडी, टाकी भरून, आम्ही दोघं बसून १,६५० किलो. त्यातले पुढे ९३०, मागे ७२०. आता साठ क्रेट. बाजारात सगळे वीस किलोचा क्रेट धरतात, म्हणजे १,२०० किलो, आणि माझ्या गाडीचं पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर असलेला माल, १,३०० चं, म्हणजे आपण नियमात आहोत असं मी सात वर्षं समजत होतो. पण वीस किलो असतो टोमॅटो. प्लास्टिकचा क्रेट स्वतः दोनेक किलोचा. साठ क्रेटचे ते एकशे वीस किलो मी कधी धरलेच नव्हते. काट्यावर माल निघाला १,३२० किलो. भरलेली गाडी २,९७०. पुढे १,१२८ आणि मागे १,८४२.

ते परत बघा. तेराशे वीस किलो मालातला पुढच्या चाकांवर गेला जेमतेम दोनशे किलो. बाकीचा सगळा, अकराशेच्या वर, मागच्या दोन टायरवर. पिकअपची रचनाच अशी की हौदा जवळजवळ मागच्या एक्सलवर बसलेला असतो. म्हणून ‘चार टायर, एकूण तीन टन, टायरला साडेसातशे’ हा हिशोब पिकअपला चालत नाही. माझ्या मागच्या प्रत्येक टायरवर ९२१ किलो होते. आणि मी घातलेला टायर होता ८०० किलोचा.

टायरवर काय वाचायचं

टायरच्या बाजूला मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं. माझ्या त्या फुटलेल्या टायरवर होतं १०० एस. हा आकडा म्हणजे लोड इंडेक्स. तो किलो नाही, किलोचा नंबर आहे. ९५ म्हणजे ६९० किलो, १०० म्हणजे ८००, १०३ म्हणजे ८७५, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १,०००, ११० म्हणजे १,०६०, ११३ म्हणजे १,१५०, ११६ म्हणजे १,२५०. एका टायरने उचलायचा जास्तीत जास्त भार एवढा. पुढचं अक्षर वेगाचं : क्यू म्हणजे ताशी १६०, एस म्हणजे १८०. भरलेली पिकअप त्या वेगाच्या जवळही जात नाही, तेव्हा आपल्या कामाचा तो आकडा आहे, अक्षर नाही.

मालवाहू टायरवर बऱ्याचदा दोन आकडे असतात, १०६/१०३ असे. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडचाकं असतील तर प्रत्येक टायरसाठी. आपल्या पिकअपला मागे एकेरी चाकं, म्हणून पहिला आकडा धरायचा. माझ्याच मापात, २१५/७५ आर १५ मध्ये, एलटी, म्हणजे हलक्या मालवाहू गाडीच्या जातीचा, ८ पीआर टायर १०६/१०३ चा येतो. म्हणजे ९५० किलो. जीपच्या टायरपेक्षा दीडशे किलोने जास्त, आणि बाहेरून बघितलं तर दोन्ही सारखेच दिसतात.

पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, आणि त्याबद्दल एक गैरसमज आहे. पूर्वी सुती धाग्याचे थर असायचे, सहा थर, आठ थर, तसे मोजायचे. आता ८ पीआर म्हणजे आत आठ थर आहेत असं नाही. ती ताकदीची प्रत झाली. पीआर जास्त तर टायर जास्त हवा सोसतो आणि त्यामुळे जास्त भार उचलतो. दुकानात “आठ प्लायचा आहे, घ्या बिनधास्त” असं सांगतात, पण दोन वेगवेगळ्या मापांच्या ८ पीआर टायरांचा भार वेगळा असतो. म्हणून पीआर विचारा, आणि मग लोड इंडेक्स स्वतःच्या डोळ्याने वाचा.

आणखी एक खूण, जी मला फार उशिरा कळली. आयएसआयच्या शिक्क्याजवळ मानकाचा नंबर असतो. प्रवासी कारच्या टायरला आयएस १५६३३, व्यापारी वाहनांच्या टायरला आयएस १५६३६. अंधाऱ्या गोदामात दुकानदार घाईत असला तरी बॅटरी मारून हे वाचता येतं.

मग आकडा किती पाहिजे? भरलेल्या गाडीच्या मागच्या एक्सलचं वजन घ्या, अर्धं करा आणि त्यात निदान दहा टक्के मिळवा. ते दहा टक्के खड्ड्यासाठी, वळणासाठी आणि माल एका बाजूला जास्त बसला तर त्यासाठी. घाटातल्या वळणावर बाहेरच्या बाजूच्या चाकावर किती ओझं येतं ते काट्यावर दिसत नाही, पण टायरला जाणवतं.

माझ्या गाडीला हा हिशोब लावला तर ९२१ मध्ये दहा टक्के मिळवून हजाराच्या वर जातं. म्हणजे १०८ पुरत नाही, ११० लागतो. आणि माझ्या रिमला बसणारा, माझ्या गाडीला कंपनीने मान्य केलेला टायर होता १०६ चा. इथे दोन रस्ते होते. एक, रिम बदलून मोठ्या भाराचा टायर घालायचा. दुसरा, माल कमी करायचा. मी माल कमी केला. साठाचे चोपन्न क्रेट. मागचं वजन १,७३० वर आलं, टायरला ८६५, आणि ९५० च्या टायरला जवळपास दहा टक्के मोकळीक मिळाली. पासिंगच्या आतही आलो. खेपेमागे सहा क्रेटचं भाडं गेलं, हे खरं आहे. पहिल्या हंगामात ते फार लागलं. पण तेव्हापासून माझा भरल्या गाडीचा एकही टायर फुटलेला नाही, आणि टायर चालतातही जास्त.

मोठ्या टायरचा रस्ता कुणी घेत असेल तर त्याने एक लक्षात ठेवावं. टायर जड भाराचा घातला म्हणून गाडीचं पासिंग वाढत नाही. एक्सल तोच, पाटे तेच, ब्रेकचे ड्रम तेच. आरसी बुकात लिहिलेलं एकूण वजन तेच राहतं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा भाराला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवायला लावतात. २०१९ पासून हेच दर आहेत. रिमवरही त्याचा स्वतःचा भार असतो. दहा-बारा पीआरचा टायर कमी ताकदीच्या रिमवर चढवला तर टायर टिकेल आणि रिम चिरेल. टायरची उंची वाढली की चढाला गाडी मरते आणि वेगाचा काटा दाखवतो त्यापेक्षा खरा वेग जास्त असतो. कंपनीने तुमच्या मॉडेलला एकापेक्षा जास्त मापं मान्य केली असतील तर ती गाडीच्या पुस्तकात असतात. त्यातलं माप घ्या, त्याच्या बाहेर जाऊ नका.

भार टायर नाही, हवा उचलते

हा भाग वगळू नका, कारण चांगला टायर घेऊनही बहुतेक जण इथे चुकतात. टायरवरचा ९५० किलो हा आकडा ठराविक हवेचा आहे. माझ्या ८ पीआरच्या टायरला ती हवा आहे ६५ पीएसआय. त्याच टायरमध्ये ५० हवा असेल तर तो ८०० किलोचाच टायर राहतो. म्हणजे बाराशे रुपये जास्त मोजून आणलेला मालवाहू टायर हवा कमी ठेवून पुन्हा जीपचा करून ठेवला.

हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि परत उठते. मिनिटाला शेकडो वेळा. त्या दबण्या-उठण्यातून रबर आतून तापतं. बाहेरून हात लावला तर कोमट लागतं, आत थर सुटायला लागलेले असतात. माझा टायर घाटात फुटला नाही, घाट संपल्यावर सरळ रस्त्यावर फुटला, ते यामुळे. घाटात ब्रेकच्या ड्रमची उष्णता रिमवाटे टायरला लागली, आधीच भार जास्त, वर मी वेग वाढवला. म्हणून घाट उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर रोखा, ब्रेकवर लोंबकळू नका. हे ब्रेकसाठी तर आहेच, टायरसाठीही आहे.

हवा थंड टायरमध्ये बघायची. माल भरायच्या आधी, गाडी तीन-चार तास उभी असताना. भर उन्हात वीस किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर आकडा जास्त दिसणार. तो बघून हवा काढलीत तर रात्री टायर थंड झाल्यावर तुम्ही कमी हवेवर चालत असणार. गरम टायरची हवा काढायची नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा. मी स्वतःचं हवेचं मीटर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो. पंपावरच्या मीटरमध्ये आणि माझ्या मीटरमध्ये सात-आठ पीएसआयचा फरक अनेकदा आलाय, आणि सात-आठ म्हणजे मागच्या टायरला पाऊणशे किलोचा फरक.

पुढे किती, मागे किती, हे चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा पुस्तकात भरलेल्या गाडीसाठी दिलेलं असतं. पुढे आणि मागे सारखी हवा मारून देणारे पंक्चरवाले खूप आहेत. पुढच्या टायरवर माझ्याकडे ५५४ किलो, मागच्यावर ८६५. दोघांना सारखी हवा कशी चालेल? पुढे गरजेपेक्षा जास्त हवा झाली की टायर मधोमध झिजतो आणि ब्रेक लावल्यावर पकड कमी मिळते.

वाशीत माल उतरवल्यावर परतीला गाडी मागून उड्या मारते, तेव्हा हवा कमी करावीशी वाटते. मी करत नाही. टायर गरम असतात आणि दुसऱ्या दिवशी परत भरायचंच असतं. हंगाम संपून गाडी आठ-पंधरा दिवस रिकामी फिरणार असेल तरच सकाळी थंड टायरमध्ये पट्टीवरच्या रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणतो.

व्हॉल्वही बघा. ट्यूबलेस रिमला बसवतात तो साधा रबरी व्हॉल्व ६५ पीएसआयपर्यंतचा असतो. त्याच्या वर हवा लागणारा टायर घेतलात तर धातूचा, नटाने आवळायचा व्हॉल्व मागा. नवा टायर टाकताना जुना व्हॉल्व तसाच ठेवू देऊ नका. किरकोळ किमतीची वस्तू आहे आणि ती तडकली की अख्खा टायर बसतो.

नक्षी, जात आणि बाकीचं

आमच्याकडे दोन जातीच्या नक्षीला धारीचा आणि बटणाचा म्हणतात. धारीच्या टायरला सरळ लांब रेघा असतात. तो डांबरावर कमी तापतो, कमी आवाज करतो, जास्त किलोमीटर देतो. बटणाच्या टायरला मोठे ठोकळे असतात, तो चिखलात ओढतो. जुलैत काळ्या रानातून कोबी काढताना गाडी रुतली की बटणाची किंमत कळते. पण माझे शंभरातले नव्वद किलोमीटर हायवेचे. भरलेल्या गाडीखाली, डांबरावर, बटण लवकर झिजतं आणि जास्त तापतं. म्हणून मी पुढे धारीचे घालतो आणि मागे मधली नक्षी, म्हणजे मध्ये रेघा आणि कडेला ठोकळे असलेली. ज्याचं सगळं काम शेतातून गावच्या बाजारापर्यंतचं, वीटभट्टीचं किंवा वाळू-खडीचं, त्याने मागे बटण घालावेत. पण एका एक्सलवर दोन्ही टायर एकाच जातीचे, एकाच मापाचे, साधारण सारखेच झिजलेले पाहिजेत. एक नवा, एक अर्धा झिजलेला असं मागे लावलं तर दोघांची उंची वेगळी, डिफरन्शियल सतत काम करत राहतो आणि उंच टायर जास्त भार घेतो.

रेडियल की नायलॉन? रेडियल. नायलॉनची बाजू जाड असते, दगडाला जास्त टिकते, म्हणून खाणीकडचे काही जण अजून तोच मागतात. लांबच्या रस्त्याला रेडियल कमी तापतो आणि डिझेलही वाचवतो. दोन्ही जाती एका एक्सलवर कधीच नको.

ट्यूबलेसला खिळा लागला तर हवा हळूहळू जाते, गाडी कडेला घ्यायला वेळ मिळतो. ट्यूबचा टायर एकदम बसू शकतो. रिम ट्यूबलेसची असेल तर ट्यूबलेसच ठेवा. हवा राहत नाही म्हणून ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून देतात, तो तात्पुरता इलाज म्हणूनसुद्धा भरलेल्या गाडीला नको, ट्यूब आत घासून तापते. पंक्चर काढताना बाहेरून काडी घालण्यावर भागवू नका. टायर उतरवून आतून मशरूम, म्हणजे छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ, लावून घ्या. बाजूच्या भागाला भोक पडलं तर तो टायर भाराच्या कामातून गेला.

तारीख बघायची. बाजूला लंबगोलात चार आकडी नंबर असतो : २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. हा नंबर एकाच बाजूला असतो, म्हणून टायर फिरवून बघा, आणि चारही टायरचे बघा. मी सहा महिन्यांपेक्षा जुना टायर शक्यतो घेत नाही. आणि वापरातला टायर पाच वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असो, बदलतो. स्टेपनी यात धरायची. ती हौद्याखाली धूळ, पाणी, सायलेन्सरची धग खात वर्षानुवर्षं पडून असते आणि गरज लागते ती भरल्या गाडीला, रात्री. त्या मे महिन्यात माझी स्टेपनी जुनी, गुळगुळीत आणि जीपच्याच जातीची होती. वीस क्रेट दुसऱ्या गाडीत टाकल्याशिवाय मला तिच्यावर गाडी हलवता आली नाही. स्टेपनी मागच्या टायरच्याच भाराची ठेवा.

रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेले टायर मोठ्या ट्रकच्या मागच्या जोडचाकांना चालतात, तिथे एक गेला तर शेजारचा धरतो. पिकअपच्या मागे एका बाजूला एकच टायर असतो. मी रिमोल्ड घालत नाही, कुणाला घालायला सांगतही नाही. जुन्या बाजारातले ‘एटी परसेंट’ वाले टायरही तसेच : वरून नक्षी दिसते, आतून ते कुणाच्या भाराखाली किती तापलेत ते दिसत नाही.

नक्षीची कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचेत उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी खूण असते, तिच्या रेषेत बघितलं की उंचवटा सापडतो. पावसाळ्याच्या तोंडावर मी इतका वेळ थांबत नाही. तीन मिलिमीटरच्या आसपास आलं की मेअखेरीलाच बदलतो. माळशेजमध्ये जुलै-ऑगस्टला धुकं, वरून पडणारं पाणी आणि रस्त्यावरून वाहणारं पाणी, यात अर्धवट झिजलेल्या टायरवर बाराशे किलो घेऊन उतरणं मला जमत नाही.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे. आमच्याकडे उलट करतात, स्टेअरिंग पुढे असतं म्हणून नवे पुढे. पण भार मागे आहे, आणि ओल्या वळणावर मागचं सरकलं तर ते स्टेअरिंगने आवरत नाही. पुढचे टायर त्यासाठी अगदीच झिजलेले नसावेत, एवढं बघा.

आणि माल कसा भरता त्यावर टायर किती जगेल ते ठरतं. एकदा हमालांनी घाईत जड क्रेट मागे लावून फाळका उघडा ठेवून भरलं, तेव्हा मी मुद्दाम काट्यावर नेलं. साठच क्रेट, वजन तेच २,९७०. पण पुढे १,०४० आणि मागे १,९३०. मागच्या टायरला ९६५ किलो. ९५० च्या टायरच्याही वर. एक क्रेट न वाढवता. म्हणून पहिला थर केबिनला चिकटून, जड माल पुढे आणि खाली, एक्सलच्या मागे लोंबणारा माल कमीत कमी. डावी-उजवी बाजू सारखी. हमालांना भरायच्या आधी सांगा, भरून झाल्यावर कुणी परत लावत नाही.

दुकानातून निघताना

कंपनी कोणती, हा भाच्याचा प्रश्न. एमआरएफ, अपोलो, सीएट, जेके, सगळ्यांचे मालवाहू एलटी टायर मिळतात. मी तीन कंपन्यांचे वापरलेत आणि योग्य भाराचा टायर योग्य हवेवर असला तर तिघांनीही साथ दिली. तुमच्या रस्त्यावर ज्या कंपनीचा माणूस हमीचा दावा ऐकून घेतो, ती घ्या. मध्यरात्री मुरबाडला तेच माप मिळेल का, हेही विचारा.

बिलावर टायरचं पूर्ण नाव, माप, लोड इंडेक्स आणि चारही टायरचे नंबर लिहून घ्या. टायर चढवताना रिमची कड घासून साफ करून घ्या, गंजावर टायर बसवला की हवा झिरपत राहते. बॅलन्सिंग चारही चाकांचं, अलाइनमेंट त्याच दिवशी. नट आडवे-तिरके आवळायला सांगा, एका बाजूने गोल नको. पहिल्या भरल्या खेपेनंतर, पन्नास-शंभर किलोमीटरवर, थांबून नट परत पान्याने बघा, थोडे ढिले होतातच. पहिले दोनशे किलोमीटर जपून चालवा, नव्या टायरची पकड यायला थोडा वेळ लागतो.

त्याच पहिल्या खेपेला आणखी एक करा. तासभर चालवल्यावर चहाला थांबाल तेव्हा चारही टायरला तळहात लावून बघा. मागचे दोन सारखे गरम असले पाहिजेत. एक जास्त तापला असेल तर त्यात हवा कमी आहे, त्या बाजूचा ब्रेक धरतोय किंवा माल त्या बाजूला बसलाय. भाच्याला पहिल्याच रात्री ओतूरला डावा टायर जास्त गरम लागला. त्याने फोन केला. त्या चाकाचा ब्रेक धरत होता. सकाळपर्यंत तिथेच थांबून ड्रम खोलून घेतला आणि मगच घाट उतरला.